पबमेड जरूर वापरा, पण तिथे दिसलं म्हणजे खरं असं धरून चालू नका

पबमेडचा रिव्ह्यू सहसा कुणी लिहीत नाही, इतकी वर्षं ते आहे की सगळ्यांनी गृहीत धरलंय. मी जिल्ह्याच्या गावात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो, मेडिकल कॉलेजची लायब्ररी हाताशी नाही, आणि ओपीडीत बसल्या बसल्या जी वेबसाइट सगळ्यात जास्त उघडली जाते ती हीच, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू. रेसिडेंट, जीपी, नर्सिंगवाले, फार्मसीवाले, आणि घरात कुणाला मोठं आजारपण आलंय म्हणून रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर शोधत बसलेले नातेवाईक, सगळ्यांच्याच कामाचं आहे. रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला त्यावरच खाली जास्त लिहिलंय कारण तेच महत्त्वाचं आहे.

ज्यांनी कधी उघडलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डाला नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन आहे, पबमेड त्यांचं. जगभरातल्या मेडिकल जर्नल्समधले लेख, साडेतीन कोटींहून जास्त नोंदी, लेखाचं नाव, लेखक, जर्नल, तारीख आणि बहुतेक ठिकाणी ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे लेखाचा छोटा सारांश. लॉगिन नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. याची मुळं पार १८७९ पर्यंत जातात, जॉन शॉ बिलिंग्ज नावाच्या सर्जनने इंडेक्स मेडिकस सुरू केलं, छापील सूची, आणि आपले सीनियर लोक सांगतात ना की थीसिससाठी लायब्ररीत बसून जाडजूड खंड उलटायचो, ते हेच खंड. मग १९६४ ला कॉम्प्युटर आला, १९७१ ला मेडलाइन आलं, म्हणजे तीच सूची ऑनलाइन, आणि १९९७ च्या जूनमध्ये पबमेड सगळ्या जगाला फुकट खुलं झालं. छापील इंडेक्स मेडिकस २००४ ला बंद पडलं आणि त्याची उणीव कुणाला भासली असेल असं वाटत नाही.

आता वापरायला कसं आहे. सर्चची खिडकी साधी दिसते पण आत बरंच काही चालू असतं. तुम्ही इंग्रजीत हार्ट अटॅक टाइप केलं तर ते स्वतःच मायोकार्डियल इन्फार्क्शन, म्हणजे त्याचं डॉक्टरी नाव, धरून शोधतं, कारण त्यांच्याकडे मेश नावाची ठरावीक शब्दांची यादी आहे आणि प्रत्येक लेखाला त्यातले टॅग लावलेले असतात. हे जाम उपयोगी आहे. पण तुम्ही शब्दांना अवतरण चिन्हं लावली की ही सोय बंद होते आणि ते अक्षरशः तेवढंच शोधतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग रिझल्ट कमी आले म्हणून वैतागतात. आपण टाकलेल्या शब्दांचा त्याने काय अर्थ लावला हे ॲडव्हान्स्ड सर्चच्या पानावर डिटेल्समध्ये दिसतं, एकदा बघाच, सर्च का फसला ते तिथेच कळतं.

डावीकडचे फिल्टर हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा. हळदीचं उदाहरण घ्या. पेशंटचा मुलगा मोबाईल पुढे करतो, व्हॉट्सॲपवर आलेलं असतं की हळदीने कॅन्सर बरा होतो आणि खाली लिहिलेलं असतं पबमेडवर प्रसिद्ध. खोटं नाहीये ते, पबमेडवर करक्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, टाका, हजारोंनी लेख येतात. मग मी त्याच्यासमोरच फिल्टर लावतो, रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंटचे गट पाडून केलेली तुलना, आणि यादी धाडकन खाली येते, आणि उरलेल्यातले चार-पाच उघडले की कुठे गुडघेदुखी, कुठे रक्तातली साखर, आणि तो ज्या कॅन्सरबद्दल विचारतोय त्यात जीव वाचला असं दाखवणारी मोठी ट्रायल काही सापडत नाही. बाकीचे बहुतेक लेख काचेच्या डिशमधल्या पेशींवरचे, उंदरांवरचे. करक्युमिन तोंडावाटे घेतलं तर शरीरात फारच कमी शोषलं जातं, ही अडचण त्यावर काम करणारेच लिहून ठेवतात. पाच मिनिटं जातात या सगळ्यात पण पोराला चिडून हाकलून देण्यापेक्षा हे हजारपट बरं, कारण तो बापासाठी शोधत असतो.

फक्त एक लक्षात ठेवा, फिल्टर टॅगवर चालतात आणि अगदी ताज्या लेखाला टॅग लागलेला नसू शकतो, शिवाय २०२२ पासून मेश लावायचं काम ऑटोमॅटिक झालंय, त्यामुळे कधीकधी विचित्र टॅग दिसतात. नवीन काही शोधत असाल तर फिल्टर न लावता एकदा तारखेप्रमाणे लावून बघा, नाहीतर बाय डिफॉल्ट ते त्याला जे जुळतंय वाटतं ते वर दाखवतं.

आपल्याकडच्या कामासाठी पबमेड कसं वापरावं याचं माझं आवडतं उदाहरण विंचूदंश. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं, फुप्फुसात पाणी होऊन जायची, आणि महाडसारख्या गावातून डॉ. हिंमतराव बावस्करांनी पेशंट बघत बघत त्याच्या नोंदी ठेवल्या, १९८२ ला त्यांचं काम लॅन्सेट या नामांकित मेडिकल जर्नलमध्ये आलं. प्राझोसिन हे ब्लडप्रेशरचं साधं औषध विंचवाच्या विषाने शरीरात उठलेलं वादळ शांत करतं हे त्यांनी दाखवलं. पबमेडवर त्यांचं आडनाव आणि स्कॉर्पियन टाकलं की सगळी मालिका एकाखाली एक दिसते, आणि २०११ ला बीएमजे या जर्नलमध्ये आलेली ट्रायल पण, ज्यात ७० पेशंट होते, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन आणि निम्म्यांना प्राझोसिनसोबत अँटीव्हेनम, म्हणजे विंचवाच्या विषावरचा उतारा, आणि दोन्ही मिळालेले लवकर बरे झाले. ही ट्रायल पूर्ण फुकट वाचता येते, नोंदीवर फ्री पीएमसी आर्टिकल (पीएमसी म्हणजे पबमेड सेंट्रल, त्याबद्दल खाली) असं लिहिलेलं असतं तिथे क्लिक करायचं. डोस कसा, किती वेळाने परत द्यायचा, कुणाला ट्रायलमध्ये घेतलं, सगळं आहे. रात्री पीएचसीत एकट्याने ड्यूटी करणाऱ्या बॉण्डवरच्या मुलामुलींनी हे एकदा निवांतपणी वाचून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. तसंच गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं. १९९९ च्या लॅन्सेटमधला घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीवरचा पेपर, गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायकांनी बाळांची काळजी घेतली आणि तुलनेतल्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. हे काम जगाला समजलं ते अशा नोंदींमुळे, आणि त्या नोंदी आज तुमच्या फोनवर आहेत.

केईएम आणि सेठ जीएस मेडिकल कॉलेजचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन पण आवर्जून बघा, १९५५ पासून निघतंय, ऑनलाइन फुकट वाचता येतं आणि आपल्या वॉर्डात दिसतात तसेच पेशंट त्यात भेटतात.

इथपर्यंत सगळं छान. आता अर्धा स्टार कुठे गेला ते.

लोकांच्या डोक्यात घट्ट बसलंय की पबमेडवर आहे म्हणजे कुणीतरी तपासून शिक्का मारलाय. तसं नाहीये. पबमेडच्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक मेडलाइन, ज्यासाठी जर्नलची निवड समितीकडून होते. दुसरं पबमेड सेंट्रल, म्हणजे पूर्ण लेखांचा साठा, २००० साली सुरू झाला, आणि त्यात सरकारी पैशातून रिसर्च केलेल्या लेखकाने आपला लेख नियमाप्रमाणे जमा केला तर तो ज्या जर्नलात छापलाय ते जर्नल भिकार असलं तरी तो एक लेख आत येतो. तिसरं म्हणजे पुस्तकं वगैरे. सर्च केल्यावर हे सगळं एकाच यादीत, एकाच फॉण्टमध्ये, शेजारी शेजारी दिसतं. माझी खरी तक्रार ही आहे. नोंदीवर मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत आहे की हे जर्नल मेडलाइनमध्ये आहे किंवा नाही?

याचा गैरफायदा कोण घेतं ते मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. प्रमोशनसाठी पेपर लागतात, एनएमसीच्या, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनच्या, २०२२ च्या नियमात कुठल्या सूचीतली जर्नलं चालतील त्याची मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, एम्बेस, डीओएजे अशी यादीच दिली होती, आणि मग मेल यायला लागतात, आदरणीय डॉक्टर, आपला बहुमूल्य लेख पाठवा, आमचं जर्नल पबमेड इंडेक्स्ड आहे, चार दिवसात स्वीकारू, फी इतकी इतकी. आमच्या ओळखीतल्या एका लेक्चरर मुलीने दोन महिन्यांचा पगार घालवला असाच एका जर्नलवर, आणि नंतर कॉलेजने तो पेपर धरलाच नाही. तिने नियम वाचला होता, मेहनत प्रामाणिक होती, डेटा खरा होता, आणि तो सगळा अशा ठिकाणी गाडला गेला जिथे कुणी वाचणार नाही. मला याचा फार राग येतो.

तर पैसे भरायच्या आधी हे करा. पबमेडच्या होमपेजवर खाली जर्नल्स अशी लिंक आहे, तिथून एनएलएम कॅटलॉग, म्हणजे त्याच लायब्ररीची यादी, उघडतो, त्यात जर्नलचं नाव किंवा आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख नंबर, टाका. नावापेक्षा नंबर बरा, कारण नामांकित जर्नलसारखं नाव ठेवणारे खूप आहेत, एखादा ऑफ किंवा ॲण्ड इकडचा तिकडे. पान उघडलं की खाली इंडेक्सिंगची ओळ शोधा, सध्या मेडलाइनसाठी इंडेक्स्ड आहे असं स्पष्ट इंग्रजीत लिहिलेलं असतं. नुसतं कॅटलॉगमध्ये नाव सापडलं म्हणून खूश होऊ नका, लायब्ररीच्या यादीत नाव असणं वेगळं आणि इंडेक्स होणं वेगळं. दोन मिनिटांचं काम आहे आणि प्रत्येक पीजीला पहिल्याच वर्षी गाइडने शेजारी बसवून शिकवलं पाहिजे.

मागे घेतलेल्या पेपरांबद्दल मात्र पबमेडचं कौतुक करावं लागेल. लेख रिट्रॅक्ट झाला असेल तर नोंदीवर ठळक पट्टी येते आणि मागे घेतल्याची सूचना तिथेच जोडलेली असते. कोविडच्या वेळचं आठवतंय का, २२ मे २०२० ला लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर पेपर आला, ६७१ हॉस्पिटल, ९६ हजार पेशंट, औषधाने मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. इथे आपण सगळे तीच गोळी हेल्थ वर्कर म्हणून खात होतो. डब्ल्यूएचओने लगेच त्यांच्या ट्रायलमधला तो भाग थांबवला. मग सर्जिस्फिअर या कंपनीने दिलेला डेटा स्वतंत्रपणे तपासायलाच मिळत नाही असं उघड झालं, आणि ४ जूनला पेपर मागे. दोन आठवड्यांत. (औषधाचा कोविडमध्ये उपयोग नाही हे नंतर नीट केलेल्या ट्रायल्समधून कळलंच, पण तो वेगळा विषय.) याच्या उलट लसीने ऑटिझम होतो म्हणणारा १२ मुलांवरचा १९९८ चा पेपर मागे घ्यायला लॅन्सेटला २०१० उजाडावं लागलं, आणि त्या १२ वर्षांत जे नुकसान व्हायचं ते झालं, आजही गोवरची लस टाळणारे आईबाप त्याचंच काहीतरी ऐकून आलेले असतात.

आणि आता तर हे कारखान्यासारखं चाललंय. पेपर मिल म्हणतात त्याला, पैसे द्या, तयार पेपर घ्या, वर तुमचं नाव. एकट्या हिंदावी या प्रकाशनाला २०२३ मध्ये ८००० पेक्षा जास्त पेपर मागे घ्यावे लागले, विकत घेणाऱ्या वायलीला शेवटी ते नावच बंद करावं लागलं. यातले किती तरी पेपर पबमेडवर होते, आणि मागे घेईपर्यंत इतर पेपरांसारखेच दिसत होते. पट्टी लागते ती रिट्रॅक्ट झाल्यावर. त्याआधी तुमचं डोकं हीच एक चाळणी.

एआयचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. चॅटबॉटला विचारलं की तो छान उत्तर देतो आणि खाली संदर्भ पण देतो, लेखक खरे, जर्नल खरं, वर्ष पटण्यासारखं, आणि असा पेपर अस्तित्वातच नसतो. थीसिसच्या ड्राफ्टमध्ये हे दिसायला लागलंय. इथे पबमेडसारखं हत्यार नाही. प्रत्येक नोंदीला पीएमआयडी नावाचा नंबर असतो, तो टाका, भलताच लेख उघडला तर समजून जा. नंबर नसेल तर सिंगल सायटेशन मॅचर म्हणून सोय आहे, जर्नल, वर्ष, पान टाकायचं, सापडलं तर सापडलं. न सापडणारा प्रत्येक संदर्भ खोटाच असतो असं नाही, पबमेडमध्ये नसलेली चांगली जर्नलंही आहेत, पण न उघडलेला पेपर संदर्भात घालायचा नाही हा नियम मी तरी सोडत नाही.

दुसरी मोठी अडचण, ॲबस्ट्रॅक्टवर थांबण्याची सवय. पबमेड स्वतः ॲबस्ट्रॅक्टच देतं त्यामुळे ही सवय लागते. २०१५ ची स्प्रिंट ट्रायल घ्या, ९३६१ पेशंट, वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं की १२० च्या, आणि १२० वाल्यांमध्ये हार्टचे मोठे प्रॉब्लेम २५ टक्क्यांनी कमी. ऐकायला जबरदस्त. पण आकडे बघा, वर्षाला २.१९ टक्के विरुद्ध १.६५ टक्के, म्हणजे प्रत्यक्षात वर्षाला अर्ध्या टक्क्याचा फरक. फायदा आहे, मी नाकारत नाही, पण पेशंटला सांगताना हाच आकडा सांगायला हवा. आणि पूर्ण पेपर वाचला की कळतं, डायबिटीस असलेले आणि आधी स्ट्रोक होऊन गेलेले त्यात घेतलेलेच नव्हते, आणि बीपी ऑटोमॅटिक मशीनवर, निवांत बसवून मोजलेलं होतं. माझ्या ओपीडीत बाहेर चाळीस लोक बसलेत, पेशंट जिना चढून आत आलाय, डायबिटीस तर निम्म्यांना आहे. त्या १२० ला मी इथे जसंच्या तसं लावलं तर एखादी आजी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडेल.

मग पूर्ण पेपर कुठून आणायचा? एका लेखाला तीस-चाळीस डॉलर मागतात, प्रॅक्टिस करणारा माणूस ते रोज कुठून देणार. केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना चांगली आहे, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार जर्नल्स. पण ती सरकारी संस्थांसाठी, सरकारी मेडिकल कॉलेजातल्या पोरांनी तिचा फडशा पाडावा. आमच्यासारखे गावातले खासगी डॉक्टर मात्र बाहेरच राहिले, आणि देशातले बहुसंख्य पेशंट तर आमच्याकडेच येतात. या योजनेत कधीतरी आम्हालाही घ्यावं, नोंदणी क्रमांकावर लॉगिन द्यावं, ही माझी अगदी कळकळीची मागणी आहे.

तोपर्यंत सरळ मार्ग असे. पबमेडमध्ये फ्री फुल टेक्स्टचा फिल्टर लावा, बरंच मिळतं, आणि अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पैशातून झालेल्या कामासाठी १ जुलै २०२५ पासून नियम कडक झालाय, त्यानंतर स्वीकारलेला लेख छापल्याबरोबर पबमेड सेंट्रलवर खुला व्हायला हवा, आधी वर्षभर थांबावं लागायचं. स्प्रिंटचा पेपरसुद्धा तिथे फुकट आहे. नाहीच मिळाला तर लेखकाला मेल करा. पबमेडवर लेखकांच्या नावाखाली ॲफिलिएशन (कोण कुठल्या संस्थेत ते) उघडलं की बऱ्याचदा मेल आयडी असतो, चार ओळी लिहायच्या, मी कोण, कुठे प्रॅक्टिस करतो, पेपर का हवाय. लोक आनंदाने पाठवतात, काही जण वर केसबद्दल विचारतात पण.

शेवटची एक काळजी. हे सगळं एका देशाच्या सरकारच्या खर्चावर चालतं. २०२५ च्या मार्चच्या सुरुवातीला एका वीकेंडला पबमेड काही तास बंद पडलं होतं, तेव्हा जगभरात डॉक्टर आणि लायब्ररीवाले घाबरले होते कारण तिकडे त्याच सुमारास सरकारी आरोग्य खात्यांत कपात चालू होती. नंतर ते चालू झालं, पण तेव्हापासून मी युरोप पीएमसी ही तशीच युरोपातली साइट पण बुकमार्क करून ठेवलीय, तिथे पबमेडचे ॲबस्ट्रॅक्ट सगळे दिसतात, वर प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलने तपासण्याआधीच नेटवर टाकलेले लेख, पण शोधता येतात, आणि सर्च थोडा वेगळा चालतो म्हणून कधीकधी पबमेडला न सापडलेलं तिथे सापडतं. प्रीप्रिंट मात्र अजून कुणी तपासलेलं नसतं, तिथे तशी नोंद असते, ती बघूनच पुढे वाचा.